बेस गिटारच्या दोन तारांत 19 मिलिमीटरच अंतर का असतं? आणि ते घरच्या घरी बदलता येतं का?

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गेलं की भाजलेलं कणीस, गरम कांदाभजी आणि ट्रॅफिक जॅम या तीन गोष्टी हमखास मिळतात. पाऊस थांबला असेल तर चौथीही मिळते, ती म्हणजे गिटार. कुठल्यातरी कॉलेजचा ग्रुप धरणाच्या कडेला बसलेला असतो आणि त्यातला एकजण सहा तारा झंकारत असतो.

त्या ग्रुपमध्ये बेस गिटारवाला असला तरी तो तिथे नुसता टाळ्या वाजवत बसतो. कारण इलेक्ट्रिक बेस अॅम्पशिवाय दोन हातांवरच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. त्याचं वाद्य सिंहगड रोडवरच्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये, प्लगला जोडलेलं. शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत रियाज तिथेच.

बेस शिकायला लागणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाद्य सेकंडहँड असतं. सीनियरकडून घेतलेलं, नाहीतर ऑनलाइन जाहिरात बघून उचललेलं. दोन-तीन महिन्यांत कुरबुरी सुरू होतात. उजव्या हाताची बोटं दोन तारांच्या मध्ये अडकतात. सगळ्यात बारीक तार दाबली की नेकच्या कडेवरून खाली घसरते. डावा हात तासाभरात भरून येतो. या तिन्ही तक्रारींवर मित्रमंडळींत एकच सल्ला मिळतो, ‘तारांचं स्पेसिंग बदलून घे.’ खरं तर या तीनपैकी एकाच तक्रारीचा स्पेसिंगशी सरळ संबंध आहे. हे आधी कळलं नाही, तर चांगल्या वाद्यावर कानस चालते, भोकं पडतात आणि दुखणं तसंच राहतं.

अंतर दोन ठिकाणी ठरतं

बेसच्या डोक्याजवळ, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा असलेली एक छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. दुसऱ्या टोकाला, बॉडीवर, ब्रिज असतो. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली धातूचा एक छोटा ठोकळा असतो, तो सॅडल. तारांमधलं अंतर या दोन जागी ठरतं आणि मधल्या सगळ्या लांबीत तारा सरळ रेषेत हळूहळू फाकत जातात.

नटजवळ तारा दाटीने असतात, कारण तिथे डाव्या हाताला चारही तारांपर्यंत पोचायचं असतं. ब्रिजजवळ त्या ऐसपैस असतात, कारण तिथे उजव्या हाताची बोटं वाजवतात. चार तारांच्या नेहमीच्या बेसवर ब्रिजपाशी एका तारेच्या मध्यापासून शेजारच्या तारेच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर भरतात. हा आकडा मेट्रिकमध्ये विचित्र वाटतो, पण तो आहे अमेरिकन. 19 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाऊण इंच.

कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि इलेक्ट्रिक बेस खऱ्या अर्थाने रुळला. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर. 1960 मध्ये त्याच कंपनीचा जाझ बेस आला. त्याचा नट दीड इंच रुंद, म्हणजे 38 मिलिमीटर. प्रिसिजनचा नट त्याहून रुंद असतो. आजच्या मॉडेलांवर तो 41 मिलिमीटरच्या आसपास, जुन्यांवर 44 पर्यंत. म्हणून जाझ बेसची मान हातात बारीक लागते. गंमत अशी की ब्रिजवरचं अंतर मात्र दोघांचं जवळजवळ सारखंच. डाव्या हातासाठी वाद्य बदललं, उजव्या हातासाठी नाही. पुढे बाकीच्या कंपन्यांचे पिकअप आणि सुटे ब्रिजही याच मापाला धरून निघत गेले, त्यामुळे 19 चा आकडा पक्का झाला.

पाच तारांच्या बेसवर हे माप सहसा कमी होतं, कारण एवढ्या ऐसपैस पाच तारा बसवायच्या तर मान फळीसारखी रुंद होते. तिथे 16.5 पासून 19 पर्यंत सगळी मापं सापडतात. 16.5 चं माप असेल तर पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत 66 मिलिमीटर, 19 असेल तर 76. सुटा ब्रिज ऑनलाइन मागवताना इथेच घोळ होतो. काही विक्रेते दोन तारांमधलं अंतर लिहितात, काही सगळ्या तारांचं मिळून लिहितात. चार तारांच्या ब्रिजवर ‘57’ लिहिलेलं दिसलं की घाबरायचं कारण नाही. तीन जागांत भागलं की 19 च येतात.

मिरजेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो

चार तारा, त्या कुठे ठेवायच्या आणि किती लांब, हा प्रश्न महाराष्ट्रात बेस गिटारच्या बराच आधीपासून सोडवला जातोय. मिरजेत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मिरज हे सतार-तानपुऱ्याचं गाव करून टाकलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

तानपुऱ्यालाही चार तारा, पण त्या दाबायच्या नसतात, एकामागून एक मोकळ्या छेडायच्या असतात. त्यामुळे एका तारेवरून दुसरीवर जाताना बोट न अडखळता सरकलं की काम झालं. सतारीचं उलटं. तिथे वाजवणारा मुख्य तार पडद्यावरच बाजूला ओढून मींड घेतो, एकाच पडद्यावर कितीतरी वरचे सूर काढतो. तेवढी तार ओढायला जागा हवी म्हणून पडद्याचा मोठा भाग मोकळा सोडलेला असतो. म्हणजे हात काय करणार आहे, त्यावरून अंतर ठरतं.

बेसलाही हाच नियम. अंगठ्याने तार ठोकून बोटाने खालून उपटण्याची पद्धत म्हणजे स्लॅप. मुंबईची मोहिनी डे हे वाजवताना दिसली की व्हिडिओ दोनदा बघावा लागतो. या पद्धतीत तारेखाली बोट घुसायला जागा लागते, म्हणून स्लॅप वाजवणाऱ्यांना 19 किंवा त्याच्या जवळपासचं अंतर आवडतं. दोन बोटांनी भरभर वाजवणाऱ्याला किंवा पिक वापरणाऱ्याला अरुंद अंतर सोयीचं पडतं, कारण एका तारेवरून दुसरीवरचा प्रवास कमी होतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस ज्यांनी कान देऊन ऐकलाय, त्यांना या वाद्याला गाण्यात किती पळावं लागतं ते वेगळं सांगायला नको.

मिरजेकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो. तार जिथे टेकते तिथे तो घासून घासून जवारी काढलेली असते आणि तानपुऱ्याचा तो गुंजणारा आवाज तिथून येतो. तार आडवी थोडी सरकवली की ती घोडीच्या वेगळ्या भागावर टेकते आणि आवाज बदलतो. इलेक्ट्रिक बेसवरही तार आडवी सरकवली की आवाज बदलू शकतो. कारण मात्र वेगळं आहे, तिथे चुंबक असतो.

आधी दुखणं ओळखायचं

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी स्टीलची पट्टी घ्यायची. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पंधरा सेंटीमीटरची पट्टी पुरते. व्हर्निअर असेल तर उत्तमच.

डावा हात दुखत असेल तर तारांचं आडवं अंतर सोडून मानेची लांबी बघायची. 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत जवळपास 13 सेंटीमीटर होतात. चार बोटांना तेवढं फाकावं लागतं. 30 इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेसवर हेच अंतर सुमारे साडेअकरा सेंटीमीटर होतं. लहान हाताच्या मुलामुलींना खरा आराम या दीड सेंटीमीटरमधून मिळतो. ब्रिजवर तारा कितीही जवळ आणल्या तरी यात काडीचा फरक पडत नाही.

बारीक तार, म्हणजे जी, कडेवरून घसरत असेल तर शेवटच्या फ्रेटपाशी दोन मापं घ्यायची. जाड ई तारेपासून मानेच्या वरच्या कडेपर्यंत किती आणि जी तारेपासून खालच्या कडेपर्यंत किती. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर निघाले, तर तारांचं अंतर ठीक आहे, मानच वाकडी बसली आहे. बहुतेक बेसची मान बॉडीला चार स्क्रूंनी कसलेली असते आणि त्या खाचेत किंचित ढिलाई असते. प्रवासात, किंवा वाद्य पडल्यावर, ती सरकते. तारा थोड्या सैल करायच्या, चारही स्क्रू जेमतेम पाव फेरा ढिले करायचे, मान हाताने हळूच योग्य बाजूला रेटायची आणि स्क्रू पुन्हा घट्ट करायचे. तक्रारीच्या मानाने हा उपाय फारच सोपा आहे, म्हणूनच बहुधा कुणाला सुचत नाही.

खडकवासल्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात आणखी एक फसवी तक्रार येते. जूनपासून हवा ओली होते, लाकूड दमट हवा पितं आणि मानेचा बाक बदलतो. तारा फ्रेटला लागून खरखर करायला लागतात किंवा एकदम उंच वाटायला लागतात. बोटांना वाटतं, काहीतरी अंतर बिघडलंय. अंतर बिघडलेलंच असतं, पण उभं, आडवं नव्हे. त्यावरचा इलाज मानेतल्या लोखंडी सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा आहे.

हे सगळं तपासून झाल्यावरही उजव्या हाताची बोटं अडकत असतील, किंवा स्लॅपला जागाच मिळत नसेल, तर मग स्पेसिंगकडे वळायचं.

ब्रिजवर काय बदलता येतं?

इथे सगळं ब्रिजच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या काही ब्रिजवर सॅडल म्हणजे एक दंडगोल असतो आणि त्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. तार कुठल्याही आट्यात बसते. ती सैल करून उचलायची आणि एक-दोन आटे बाजूला ठेवायची, संपलं. काही ब्रिजवर तार एका छोट्या चाकावरून जाते आणि ते चाक आसावर डावी-उजवीकडे फिरवत नेता येतं. जर्मन शालर कंपनीचा थ्री-डी ब्रिज या प्रकारातला. प्रयोग करून बघायचे असतील तर यापेक्षा सोयीचं काही नाही.

स्वस्त बेसवर मात्र सहसा साधा, वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज असतो. त्याच्या सॅडलला मधोमध एकच खाच, आणि मागून येणारा स्क्रू त्याला जागेवर धरून ठेवतो. इथे फार तर केसभर सरकतं. प्रत्येक तारेचा ब्रिज सुटा असेल, तर तो हलवायचा म्हणजे बॉडीवर नवी भोकं पाडायची. ते घरी करू नये. चारही तारांचा मिळून ताण 70-80 किलोच्या घरात असतो. एखादं भोक तिरपं पडलं की तो ताण ते आणखी तिरपं करतो.

ज्या ब्रिजवर बदल शक्य आहे, तिथे काम असं चालतं. आधी मोबाइलवर वरून एक फोटो काढायचा आणि जुनी मापं कागदावर लिहायची. मग एका वेळी एकच तार पुरती सैल करायची. ताणलेली तार तशीच ओढून सरकवली तर तिचं वेटोळं घासतं आणि सॅडलवर ओरखडा पडतो. पुढे त्याच ओरखड्यातून झिणझिण आवाज येत राहतो. सुरुवात बाहेरच्या दोन तारांपासून करायची, म्हणजे ई आणि जी. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही बाजूंना कडेपासून किमान तीन-एक मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. त्या दोन ठरल्या की मधल्या ए आणि डी आपोआप ठरतात, उरलेली जागा वाटून घ्यायची.

सॅडल एक मिलिमीटर सरकवलं तर बाराव्या फ्रेटवर तार अर्धाच मिलिमीटर सरकते, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर आहे. पहिल्या फ्रेटवर तर फरक जाणवतही नाही. म्हणून ब्रिजवरचा बदल उजव्या हातासाठी असतो. डाव्या हातासाठी तो जवळजवळ नाहीच.

चुंबकाचा हिशेब

पिकअप म्हणजे तारांखालचे चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की गुंडाळीत वीज तयार होते आणि तीच अॅम्पमधून आवाज म्हणून येते. तार चुंबकापासून दूर गेली की आवाज पडतो.

1951 च्या पहिल्या प्रिसिजनवर प्रत्येक तारेखाली एकच चुंबक होता. 1957 पासून त्यावर दोन तुकड्यांचा पिकअप आला, त्यात प्रत्येक तारेला दोन चुंबक, आणि तार त्या दोघांच्या मधून जाते. पुढे जाझ बेसवरही हीच रचना आली. तार थोडी इकडेतिकडे झाली तरी एका चुंबकापासून लांब जाताना ती दुसऱ्याजवळ येते, त्यामुळे थोडं खपून जातं.

थोडंच. समजा कुणी 19 चे 17 केले. दोन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण बाहेरच्या तारा मध्यापासून दीड जागा लांब असतात, म्हणून ई आणि जी प्रत्येकी तीन मिलिमीटर आत येतात. पिकअपपाशी ते अडीचच्या आसपास भरतात. मग मधल्या दोन तारा दणदणीत आणि बाहेरच्या दोन मिळमिळीत, असं व्हायची शक्यता असते. पिकअपच्या ज्या बाजूचा आवाज पडलाय ती बाजू स्क्रूने थोडी वर घेऊन काही अंशी भरपाई होते. सलग पट्टीच्या चुंबकाचा पिकअप असेल तर हा प्रश्नच येत नाही.

नटवर कानस चालवण्याआधी

नटच्या खाचा सरकवता येत नाहीत. बदलायच्या तर नवा नट, किंवा जुनी खाच बुजवून नवी पाडायची. बुजवण्यासाठी बेकिंग सोडा आणि सुपरग्लूचा जुगाड जगभर चालतो. तो वेळ मारून नेतो, पण बेसच्या जाड तारांखाली तो हाडाच्या नवीन नटइतका टिकत नाही.

नवा नट करायचा तर त्यात एक बारकावा आहे. चांगले कारागीर खाचांच्या मध्यबिंदूंमध्ये सारखं अंतर ठेवत नाहीत, तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवतात. बेसच्या नेहमीच्या सेटमध्ये ई तार 2.67 मिलिमीटर जाड असते, ए 2.16, डी 1.65 आणि जी 1.14. म्हणजे जाड तार बारीक तारेच्या दुपटीहून जास्त. समजा नटवर ई च्या मध्यापासून जी च्या मध्यापर्यंत 30 मिलिमीटर आहेत. सरळ तीन भाग केले तर प्रत्येकी 10. पण मग ई आणि ए मधली मोकळी जागा साडेसात, तर डी आणि जी मधली साडेआठच्या पुढे. नटसारख्या चिंचोळ्या जागेत एक मिलिमीटर बोटाला चांगलाच कळतो आणि जाड तारांची जोडी चिकटल्यासारखी वाटते.

म्हणून 30 मधून तारांची जाडी वजा करायची. बाहेरच्या दोन तारांची अर्धी-अर्धी, मधल्या दोघींची पूर्ण, असे मिळून 5.7 होतात. उरले 24.3, त्याचे तीन भाग म्हणजे 8.1. आता खाचा येतात शून्य, साडेदहा, साडेवीस आणि तीस मिलिमीटरवर. पेन्सिलने खुणा करून, वर तारा सैलसर ठेवून डोळ्यांनी पाहिलं तर मोकळ्या जागा एकदम सारख्या दिसतात. ब्रिजवर हाच फरक एक मिलिमीटरचाच असतो, पण तिथे मोकळी जागा सोळा-सतरा मिलिमीटर असल्याने फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

तारा नव्या जागी बसल्या की स्वर लावायचे आणि वाद्य रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी परत स्वर लावून प्रत्येक तारेची उंची बघायची, कारण मानेचा माथा किंचित गोल असतो आणि आडवी सरकलेली तार त्या गोलाईच्या वेगळ्या जागेवर येते. मग बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळतो का ते पाहायचं. दाबलेला सूर चढा निघाला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. शेवटी अॅम्प लावून चारही तारा एकाच जोराने वाजवून बघायच्या. एखादी दबलेली वाटली तर पिकअपची ती बाजू वर घ्यायची, आणि तरीही हाताला जुनंच अंतर बरं वाटत असेल तर मोबाइलमधला तो फोटो उघडून तारा होत्या तिथे परत ठेवायच्या.